अगत्तीला जायचंय? तिकिटाच्या आधी परमिटचं बघा

लक्षद्वीपला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी विमानाचं तिकीट शोधतात. खरं तर सुरुवात परमिटपासून करायला हवी. भारतीय नागरिक असलात तरी या बेटांवर उतरायला प्रवेश परवाना लागतो. १९६७ च्या नियमांपासून ही अट आहे. ३६ बेटांपैकी फक्त १० बेटांवर वस्ती आहे आणि मूळ रहिवासी जवळपास सगळे अनुसूचित जमातीत मोडतात. जागा आणि गोडं पाणी, दोन्ही मोजकंच. त्यामुळे ही अट मला तरी अगदी योग्य वाटते.

मूळ बेटवासीयांना परमिट लागत नाही. सैन्यदलातले लोक आणि सरकारी अधिकारी-कर्मचारी यांना कुटुंबासह सूट आहे. बाकी सगळ्यांना अर्ज करावा लागतो.

त्याचे दोन मार्ग आहेत. लक्षद्वीप प्रशासनाच्या ‘स्पोर्ट्स’ या पर्यटन संस्थेची किंवा नोंदणीकृत एजंटची सहल घेतली, तर परमिटचं काम बहुधा तेच बघतात. स्वतः जाणार असाल तर प्रशासनाच्या ई-परमिट पोर्टलवर अर्ज भरायचा. फोटो, आधार किंवा दुसरं ओळखपत्र, प्रवासाच्या तारखा आणि राहण्याच्या ठिकाणाचा तपशील तयार ठेवा. होमस्टेमध्ये उतरणार असाल तर प्रायोजक म्हणून लागणारा कागद मालकाकडून मिळेल का, हे बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. महाराष्ट्रात त्याचा अर्ज पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून करता येतो. तुम्ही राहता त्या हद्दीतल्या ठाण्यातून पडताळणी होते आणि प्रमाणपत्र आयुक्तालयाकडून किंवा जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाकडून मिळतं. आधारवर गावचा पत्ता आणि राहायला पुण्यात भाड्याने, असं असेल तर भाडेकरार हाताशी ठेवा, नाहीतर गाडी तिथेच अडते. प्रवासाच्या निदान महिनाभर आधी या कामाला लागा. अर्जात आणि तिकिटावर नाव आधारवर आहे तसंच लिहा.

परमिटवर बेटांची नावं असतात, हे नीट लक्षात घ्या. फक्त अगत्ती लिहिलं असेल तर त्यावर कवरत्तीला जाता येत नाही. बंगारम, तिन्नकरा इथे बोटीने जायचा विचार असेल तर तीही नावं अर्जातच घाला.

लक्षद्वीपचा एकमेव विमानतळ अगत्तीवरच आहे. बेट जेमतेम साडेसात किलोमीटर लांब. त्याच्या दक्षिणेकडच्या निमुळत्या टोकावर साधारण १२०० मीटरची धावपट्टी आणि दोन्ही बाजूंना समुद्र. इतक्या लांबीवर मोठी जेट विमानं उतरत नाहीत, एटीआरसारखी पंख्यांची छोटी विमानंच येतात. म्हणून जागा कमी, तिकिटं लवकर संपतात आणि सामानाची मर्यादाही कमी असते. कोचीहून विमानं पूर्वीपासून आहेत. २०२४ मध्ये गोव्याच्या मोपाहूनही सेवा सुरू झाली. वेळापत्रक बदलत राहतं, तेव्हा ठरवण्याआधी तपासून घ्या. शक्य झालं तर उतरताना खिडकीजवळ बसा. फिकट निळ्या लगूनभोवती प्रवाळाच्या कडेवर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ वरून स्पष्ट दिसते.

चेक-इनच्या वेळी आणि बेटावर उतरल्यावर परमिट दाखवावं लागतं. फोनवर विसंबू नका, परमिट आणि ओळखपत्राच्या दोन-तीन छापील प्रती जवळ असू द्या. रोख पैसेही पुरेसे न्या.

हंगाम ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत. पावसाळ्यात समुद्र खवळतो आणि बोटींचा भरवसा राहत नाही. अगत्तीवर दारूबंदी आहे. लोकवस्ती मुस्लिम, बोली मल्याळमच्या वळणाची; गावातून फिरताना अंगभर कपडे घाला. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडासुद्धा उचलू नका, प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

अर्जात परतीची तारीख तिकिटापेक्षा दोन-तीन दिवस पुढची टाका. हवामानामुळे विमान रद्द झालं तर पुढच्या विमानापर्यंत बेटावरच थांबावं लागतं, आणि तेवढे दिवस परमिट चालू असायला हवं.