टोर्नेडो : प्राणघातक घटना आणि ठाणे–नवी मुंबई परिसर

टोर्नेडो म्हणजे गडगडाटी ढगाच्या तळापासून थेट जमिनीला टेकलेला, प्रचंड वेगाने गरगरणारा हवेचा स्तंभ. त्याची रुंदी बहुधा शे-दोनशे मीटर असते, क्वचित दोन-तीन किलोमीटरही भरते. बहुतेक टोर्नेडो दहा-पंधरा मिनिटांत विरतात. अरबी समुद्रात तयार होणारे चक्रीवादळ ही वेगळी गोष्ट आहे. त्याचा घेर शेकडो किलोमीटरचा असतो, ते अनेक दिवस टिकते आणि त्याची वर्दी आधी मिळते. उन्हाळ्यात मैदानात पालापाचोळा फिरवणारी वावटळही यात मोडत नाही. ती तापलेल्या जमिनीवरून वर चढते, तिला ढग लागत नाही.

खाली उष्ण दमट हवा, वर कोरडी थंड हवा आणि उंचीबरोबर वाऱ्याचा वेग व दिशा झपाट्याने बदलत जाणे, अशा स्थितीत मोठा ढग आतून फिरू लागतो. अमेरिकेच्या मध्यभागात मेक्सिकोच्या आखातातील दमट हवा आणि रॉकी पर्वताकडून येणारी कोरडी हवा यांची गाठ पडते. बंगालमध्ये उपसागराची ओल आणि छोटा नागपूरच्या पठारावरचे कोरडे वारे तेच काम करतात. टोर्नेडोची तीव्रता मागे राहिलेल्या नासधुशीवरून ठरवतात. ही श्रेणी शिकागो विद्यापीठातील थिओडोर फुजिता यांनी 1971 मध्ये मांडली. 2007 पासून तिचे सुधारित रूप अमेरिकेत वापरात आहे.

मृतांचा आकडा मात्र या श्रेणीवर ठरत नाही. तो घर कशाचे आहे, वस्ती किती दाट आहे आणि इशारा किती आधी मिळाला यावर ठरतो. 3 मे 1999 रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात मूर शहराजवळ गाडीवर बसवलेल्या रडारने ताशी सुमारे 480 किलोमीटर वेग टिपला. आजवर मोजलेल्या सर्वाधिक वेगांपैकी तो एक आहे. त्या टोर्नेडोत 36 माणसे गेली. त्याच्या दहा वर्षे आधी बांगलादेशात जे घडले त्यातले बळी याच्या कितीतरी पट होते.

26 एप्रिल 1989 च्या संध्याकाळी माणिकगंज जिल्ह्यातील दौलतपूर आणि साटुरिया भागावरून गेलेला टोर्नेडो इतिहासातील सर्वांत प्राणघातक मानला जातो. सुमारे 1,300 माणसे मेली, बारा हजारांच्या आसपास जखमी झाली आणि सुमारे 80,000 लोक बेघर झाले. कित्येक महिने तिथे पाऊस नव्हता, लोक आभाळाकडे डोळे लावून बसले होते. घरे बांबूच्या कुडाची, मातीची आणि पत्र्याची. टोर्नेडोत माणूस मुख्यतः उडून आलेल्या वस्तूंनी मरतो, आणि सुटलेला पत्रा या वेगात धारदार पात्यासारखा कापत जातो. याच जिल्ह्यात 1973 मध्येही 681 जणांचा बळी गेला होता, तर 1996 मध्ये टांगाइल भागात सुमारे 700 जणांचा. एकाच पट्ट्यातल्या कुटुंबांनी दोन-दोन पिढ्यांत हे सोसले, ही बाब जगाच्या नोंदींत फार कमी येते.

अमेरिकेतील सर्वांत मोठी हानी 18 मार्च 1925 ची. मिसुरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांतून साडेतीन तासांत सुमारे 350 किलोमीटर धावलेल्या टोर्नेडोने 695 जीव घेतले. इलिनॉयमधल्या एकट्या मर्फिसबोरो गावात 234 जण गेले. डी सोटोच्या शाळेत 33 मुले दगावली. पॅरिश हे खेडे पुन्हा उभे राहिलेच नाही. लोकांमध्ये घबराट पसरेल म्हणून तेव्हाच्या सरकारी अंदाजांत टोर्नेडोचा उल्लेख करण्यास मनाई होती. त्यामुळे कुणाला काही कळण्याचा मार्गच नव्हता. ही मनाई 1938 मध्ये उठली. हेतुपूर्वक दिलेला पहिला यशस्वी अंदाज मार्च 1948 चा, ओक्लाहोमातील टिंकर हवाई तळावरचा.

इशारा मिळूनही माणसे मरतात, हे 22 मे 2011 रोजी मिसुरीतील जोप्लिनमध्ये दिसले. भोंगे वाजले, पण नेहमीच वाजतात म्हणून अनेकांनी पहिल्या भोंग्याला आसरा घेतला नाही. दीडशेहून अधिक बळी गेले आणि मोठे रुग्णालय निकामी झाले. तरी ऑगस्टमध्ये शाळा ठरल्या दिवशी उघडल्या. वरच्या वर्गांचे विद्यार्थी एका मॉलमधल्या जागेत बसले.

भारतात बंगाल, ओडिशा आणि उत्तरेकडील मैदाने हा मुख्य पट्टा. 17 मार्च 1978 रोजी दिल्लीत विद्यापीठ परिसरात 28 जण ठार झाले. मार्च 1998 मध्ये बंगाल-ओडिशा सीमेवर शंभराहून अधिक बळी गेले.

ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर प्राणघातक टोर्नेडोचा इतिहास नाही. कोरड्या आणि दमट हवेची जी ठळक सीमा अशा ढगांना पोसते, ती कोकणपट्टीवर सहसा बनत नाही. इथे धोका असतो तो वळवाच्या ढगातून खाली कोसळून आडव्या पसरणाऱ्या वाऱ्याचा. 13 मे 2024 च्या धुळीच्या वादळात घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग पडून 17 जण मेले. त्याच दुपारी ठाणे-मुलुंड दरम्यान ओव्हरहेड वायरचा खांब वाकला आणि लोकल अडकल्या. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाचा फटका रायगडला बसला. ठाणे-नवी मुंबईतल्या चाकरमान्यांच्या श्रीवर्धन-मुरूडकडच्या घरांचे पत्रे उडाले, सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचे झाड पुन्हा फळायला वर्षे लागतात, हे नुकसान पंचनाम्यात पुरते मावत नाही.

माणिकगंजचा पत्रा इथेही आहे. कळवा, दिवा, दिघा इथल्या चाळींवर, गावठाणांतल्या घरांवर, इतकेच काय सोसायट्यांच्या गच्चीवरच्या पावसाळी शेडवरही. पत्रा उडू नये म्हणून त्यावर विटा, दगड, जुने टायर ठेवण्याची रीत आहे. जोराच्या झोतात पत्र्याबरोबर तेही खाली येतात, म्हणून ही रीत घातकच म्हटली पाहिजे. पत्रा जे-हुकने (इंग्रजी J आकाराच्या लोखंडी हुकने) छताच्या कैचीच्या आडव्या पाइपाला आवळलेला हवा आणि गंजलेले हुक पावसाळ्याआधी बदललेले हवेत. वारा शिरतो तो कडेने, त्यामुळे कडेच्या ओळीला हुक जवळजवळ लागतात.

भारतीय हवामानशास्त्र विभागाचे कुलाबा आणि वेरावली इथले डॉप्लर रडार (ढगांतला पाऊस आणि वाऱ्याचा वेग टिपणारे) या परिसरावर नजर ठेवतात. ढग वाढताना दिसले की पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा निघतो, आणि ‘सचेत’ या आपत्तीचे इशारे देणाऱ्या सरकारी यंत्रणेमार्फत तो मोबाइलवर येतो. इशारा आल्यावर पत्र्याच्या खोलीतून उठून जवळच्या पक्क्या इमारतीत, खिडकीपासून लांब, खालच्या मजल्यावरच्या आतल्या खोलीत किंवा जिन्याखाली थांबावे. होर्डिंग, झाड किंवा बांधकामाच्या परांचीच्या आडोशाला उभे राहू नये.