नमुना भरतीचा की ओहोटीचा?

ठाणे खाडीच्या पाण्याचा अहवाल कुणी पुढे केला, तर आकड्यांआधी नमुन्याची वेळ बघावी. पाणी चढत होतं की उतरत होतं, हे कळल्याशिवाय त्या आकड्यांना फारसा अर्थ नाही.

खाडी साधारण 26 किलोमीटर लांब. दक्षिणेला समुद्राकडे रुंद तोंड, तर ठाण्याकडे निमुळती होत गेलेली. उल्हास नदीशी तिथे फक्त चिंचोळी जोड. त्यामुळे ऐरोलीच्या वरच्या बाजूला सोडलेलं सांडपाणी ओहोटीबरोबर खाली सरकतं आणि सुमारे सहा तासांनी भरती त्यातलं बरंचसं परत वर आणते. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरती-ओहोटीला, निदान घुसळण होते; भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या छोट्या भरती-ओहोटीच्या दिवसांत तीही बेताचीच. एकाच जागी भरतीला समुद्राचं पाणी जास्त मिळतं, ओहोटीला शहराचं.

शहराचं पाणी किती, हे मीठ सांगतं. खुल्या समुद्रात क्षारता 35 च्या आसपास, म्हणजे किलोभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार. समजा, एप्रिलमध्ये खाडीत ती 28 भरली. पावसाचा टिपूस नसताना हे पाचव्या हिश्श्याचं गोडं पाणी आलं कुठून? थोडं उल्हासकडून येत असेल, बाकीचं नाल्यांतून आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांतून.

मग येतो विरघळलेला ऑक्सिजन. काचेची बाटली बुडबुडा न राहता काठोकाठ भरायची आणि जागेवरच त्यात मँगनीज सल्फेट व अल्कली-आयोडाइड सोडायचं. तपकिरी गाळ धरला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर पाणी गुदमरलेलं. नेमका आकडा नंतर प्रयोगशाळेत निघतो. आंघोळीच्या आणि व्यावसायिक मासेमारीच्या किनारी पाण्यासाठी आपल्याकडचं मानक लिटरला किमान 4 मिलिग्रॅम किंवा संपृक्ततेच्या (पाण्यात जास्तीत जास्त विरघळू शकणाऱ्या ऑक्सिजनच्या) निम्मं, यातलं जे जास्त ते. बीओडी 3 च्या वर नको. म्हणजे 27 अंशांवर तीन दिवस बाटली अंधारात ठेवली, तर जंतूंनी लिटरमागे 3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ऑक्सिजन खाता कामा नये.

गंमत अशी, की केंद्रातून निघालेलं पाणी दिसायला नितळ, बीओडीही कमी, तरी त्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस उरलेले असू शकतात. शेवाळाला ते खतच. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, रात्री तोच वापरतं. भर दुपारी नमुना घेतला तर खाडी ठणठणीत. माशांना आणि कोळंबीला मात्र पहाटेही तिथेच राहायचं असतं. ऑफिसच्या वेळेत होणाऱ्या तपासणीवर माझा म्हणूनच पूर्ण विश्वास बसत नाही.

यावर उपाय पाण्यात कायम बसवलेल्या संवेदकांचा. ते रात्रंदिवस, दर काही मिनिटांनी नोंद करतात. पण इथला चिखल आणि शेवाळ त्यांच्यावर बघता बघता थर धरतात आणि आकडे हळूहळू भरकटतात. ते नियमित पुसायला होडीतून माणूस जायलाच लागतो, आणि खाडीच्या वरच्या टोकाला त्यालाही भरतीची वेळच गाठावी लागते.