पार्श्वभूमी : सोनोग्राफी आणि वीस आठवड्यांची अट

विसावा आठवडा उलटल्यावर गर्भात गंभीर व्यंग दिसलं तर काय करायचं, हा पेच आपल्याकडे अनेक दशकं सुटत नव्हता. असं का झालं, हे सोनोग्राफीच्या आणि गर्भपाताच्या कायद्याच्या तारखा शेजारी ठेवल्या की कळतं.

आधी गर्भवतींचे सरळ एक्स-रे काढत. १९५६ मध्ये ऑक्सफर्डच्या डॉ. अ‍ॅलिस स्ट्युअर्ट यांनी दाखवलं, की कर्करोग झालेल्या मुलांच्या आयांचे गरोदरपणात एक्स-रे जास्त काढले गेले होते. वैद्यकातल्या मातब्बरांना ते पचायला बरीच वर्षं लागली.

पर्याय मात्र ग्लासगोजवळच्या एका बॉयलर कारखान्यात होता. जुलै १९५५ मध्ये प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी गाडीच्या डिकीत घालून तिथे पोहोचले. धातूतल्या भेगा हुडकणारं ध्वनिलहरींचं यंत्र त्यांना या गाठींवर चालवून पाहायचं होतं. तुलनेसाठी कारखान्याने गोमांसाचा भलामोठा तुकडा मांडून ठेवला होता! भरीव गाठ आणि पाण्याची गाठ यांचे प्रतिध्वनी अगदी वेगळे आले. पुढे इंजिनिअर टॉम ब्राउन आणि डॉ. जॉन मॅकव्हिकार यांच्यासोबत केलेलं काम १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, त्यात गर्भाच्या प्रतिमाही होत्या.

व्यंग ओळखण्याची पायरी १९७२ ची. लंडनच्या डॉ. स्टुअर्ट कॅम्पबेल यांनी सतराव्या आठवड्यात, कवटीचा वरचा भागच न बनलेला गर्भ सोनोग्राफीत ओळखला.

भारताचा गर्भपाताचा कायदा मात्र १९७१ चा, म्हणजे कॅम्पबेल यांच्या निदानाच्या आदल्या वर्षीचा. त्यात वीस आठवड्यांची मर्यादा घातली गेली. पुढे अ‍ॅनॉमली स्कॅन, म्हणजे गर्भातलं व्यंग शोधणारी सोनोग्राफी, रुळला तो अठरा ते वीस आठवड्यांत करायचा म्हणून! शंका आली, दुसरं मत घ्यायचं ठरलं, की मुदत संपलीच.

दरम्यान आपण या तंत्राचा दुसराच उपयोग शोधून काढला होता. मुली पोटातच मारल्या जाऊ लागल्या, तेव्हा गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला. केंद्राचा १९९४ मध्ये आला. दर सोनोग्राफी केंद्रातली ती पाटी आणि गर्भवतीच्या तपासणीची नोंद ठेवणारा फॉर्म एफ त्यातूनच आले. ते गरजेचंच होतं. पण व्यंगाचा प्रश्न त्याने सुटणारा नव्हता. २००८ मध्ये, गर्भाच्या हृदयातला दोष उशिरा कळलेल्या एका दांपत्याला मुंबई उच्च न्यायालयाने गर्भपाताची परवानगी नाकारली, आणि चर्चा देशभर पेटली.

दुरुस्ती झाली २०२१ मध्ये. ठरावीक गटातल्या स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांवर गेली. गर्भात गंभीर व्यंग असल्याचं वैद्यकीय मंडळाने ठरवलं, तर आठवड्यांची अटच उरली नाही.