नावाआधीचे ‘कै.’ : दिवंगत विद्वानांच्या स्मरणाची पार्श्वभूमी

डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात विद्यापीठांतील विभागांच्या आणि जुन्या संशोधन संस्थांच्या सूचनाफलकांवर स्मृती व्याख्यानांच्या पत्रिकांची दाटी होते. आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी ठेवीच्या व्याजाचा विनियोग दाखवावा लागतो, हे त्याचे एक साधे कारण आहे. अशाच एका विभागात यंदा पत्रिकेचा मसुदा तीन आठवडे अडून राहिला. वक्ते ठरले होते, विषय ठरला होता, सभागृहही मिळाले होते. अडले ते ज्यांच्या स्मरणार्थ व्याख्यान होते त्या प्राध्यापकांच्या नावाआधी ‘कै.’ छापावे की नाही, एवढ्यावर. प्रस्तुत लेखक त्या समितीत होता. प्रश्न मुद्रितशोधनाचा वाटतो, पण त्याच्या मागे बराच जुना आणि बराच गुंतलेला व्यवहार आहे, आणि तो माहीत नसला की दोन्ही बाजू एकमेकींवर उगाच रागावतात.

फार मागे जाण्याचे कारण नाही. तरी एक गोष्ट नोंदवायला हवी. आश्वलायन गृह्यसूत्रातील तर्पणात ऋषींच्या पाठोपाठ आचार्यांची नावे येतात. सुमंतु, जैमिनी, वैशंपायन, पैल यांच्यानंतर गार्गी वाचक्नवी, वडवा प्रातिथेयी आणि सुलभा मैत्रेयी या तीन विदुषींनाही ओंजळभर पाणी दिले जाते. त्यांच्यापैकी कोणाच्याही नावाआधी मृत्यूची खूण करणारे उपपद नाही. नाव घ्यायचे आणि तृप्त व्हावे असे म्हणायचे, इतकेच. ऋषिऋण फेडण्याचा खरा मार्ग म्हणून परंपरेने अध्ययनच सांगितले होते, हेही येथे विसरता येत नाही.

आज ज्याला आपण स्मृती व्याख्यान म्हणतो त्याचा साचा मात्र एकोणिसाव्या शतकातला, इंग्रजी विद्यापीठातला आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी मुंबई विद्यापीठात १८७७ मध्ये विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने दिली, तेव्हा ज्यांच्या नावाने ती होती ते मिशनरी विद्वान जॉन विल्सन निवर्तून दोन वर्षे झाली होती. संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांवरची ही व्याख्याने ग्रंथरूपाने १९१४ मध्ये निघाली. विल्सन यांचे त्या निमित्ताने किती स्मरण झाले हे सांगणे कठीण आहे. पण त्यांच्या नावाने आखलेल्या चौकटीत भारतीय भाषाशास्त्राची एक भक्कम पायरी बसली. त्याच काळात वृत्तपत्री मृत्युलेख हा दुसरा प्रकार मराठीत स्थिरावला. १८९५ च्या जूनमध्ये आगरकर गेल्यावर, इतक्या मतभेदांनंतरही, टिळकांनी ‘केसरी’त लिहिलेला मृत्युलेख त्या परंपरेचा मानदंड मानला जातो.

यानंतरच्या तीन घटना मला अधिक महत्त्वाच्या वाटतात, कारण त्यांत स्मरणाची तीन वेगळी रूपे दिसतात.

पहिली १९१७ ची. भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलैला, पुण्यात त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संस्था स्थापन झाली आणि त्यांना लेखसंग्रह अर्पण करण्यात आला. त्या संग्रहाच्या इंग्रजी नावातला शब्द स्मरणाचा आहे, आणि ज्यांचे स्मरण करायचे ते सत्कारमूर्ती हयात होते. मराठीने पुढे ‘गौरवग्रंथ’ आणि ‘स्मृतिग्रंथ’ असे दोन शब्द करून हा घोटाळा मिटवला खरा, पण व्यवहारात तो मिटत नाही. पंचाहत्तरीसाठी मागवलेले लेख ऐंशीपर्यंत येत राहतात, छपाई रेंगाळते, आणि गौरवग्रंथ म्हणून सुरू झालेले पुस्तक स्मृतिग्रंथ म्हणून बाहेर पडते. मग संपादकीयात ‘दुर्दैवाने’ या शब्दाने सुरू होणारा एक परिच्छेद घालावा लागतो. भांडारकर १९२५ मध्ये गेले. संस्थेने त्यांचे समग्र लेखन १९२७ ते १९३३ या काळात चार खंडांत काढले, आणि आजही त्यांच्याकडे वळणारा अभ्यासक त्या चार खंडांतूनच आत शिरतो.

दुसरी घटना धुळ्याची. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० मध्ये त्यांच्याच पुढाकाराने निघाले होते, आणि त्याच मंडळापासून ते पुढे दूर गेले होते. गावोगाव हिंडून जमवलेली दप्तरे आणि स्वतःची टाचणे एवढाच त्यांचा संसार होता. त्यांच्या मृत्यूनंतर पंधरवडाही उलटण्याआधी, जानेवारी १९२७ मध्ये, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. या मंडळाने केलेले काम स्मारकाच्या नेहमीच्या कल्पनेत बसत नाही. राजवाड्यांनी अर्धवट ठेवलेला मराठी धातुकोश संपादून घेऊन १९३७ मध्ये छापला गेला आणि पाठोपाठ नामादि शब्दांचा व्युत्पत्तिकोशही निघाला. त्यांतल्या अनेक व्युत्पत्त्या आज टिकत नाहीत. पण ज्यावर वाद घालता येईल असे काहीतरी समोर राहिले, आणि विद्वानाच्या बाबतीत हे थोडे नाही.

तिसरी घटना महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून पाठ ठरवणाऱ्या आवृत्तीची. विष्णु सीताराम सुकथनकर ऑगस्ट १९२५ मध्ये या कामाचे प्रमुख संपादक झाले. आदिपर्व १९३३ मध्ये आणि आरण्यकपर्व १९४२ मध्ये त्यांच्या संपादनाखाली पूर्ण झाले. महाभारताच्या अर्थावर मुंबईत ते चार व्याख्याने देणार होते. त्यांतली तीन झाली, आणि चौथे होण्याआधीच, २१ जानेवारी १९४३ रोजी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ते गेले. न दिलेल्या व्याख्यानासह ती चारही पुढे १९५७ मध्ये ग्रंथरूपाने आली. त्याआधीच त्यांचे विखुरलेले लेख प. कृ. गोडे यांनी स्मृतिआवृत्ती म्हणून दोन खंडांत संपादित केले होते. पहिला १९४४ चा, दुसरा १९४५ चा. परंतु मला त्यांचे सर्वांत नेटके स्मरण त्या आवृत्तीच्या नंतरच्या खंडांच्या शीर्षकपृष्ठावर वाटते. तेथे प्रमुख संपादकांची नावे एकाखाली एक आहेत आणि प्रत्येकाच्या पुढे कंसात महिने आणि वर्षे आहेत : सुकथनकर, ऑगस्ट १९२५ ते जानेवारी १९४३, मग श्रीपाद कृष्ण बेलवलकर, एप्रिल १९४३ पासून, आणि शेवटी परशुराम लक्ष्मण वैद्य. १९६६ मध्ये काम पुरे झाले तेव्हाही पहिले नाव पहिलेच राहिले. मधले दोन-तीन महिने रिकामे आहेत. शोक कोठेही व्यक्त केलेला नाही, पण तो रिकामा काळ वाचणाऱ्याला दिसतो.

आता ‘कै.’कडे वळू. ‘कैलासवासी’ हा मुळात थोरामोठ्यांसाठीचा आदरवाचक शब्द. शिवाजी महाराजांच्या पश्चातच्या पत्रव्यवहारात त्यांचा उल्लेख ‘कैलासवासी स्वामी’ असा येतो. छापील मराठीत त्याचे एका अक्षराचे आणि एका टिंबाचे रूप झाले आणि ते सर्वांना मिळू लागले. वारकऱ्यांनी आपले ‘वै.’, म्हणजे ‘वैकुंठवासी’, वेगळे ठेवले. कीर्तनकाराच्या नावाआधी कोणी ‘कै.’ लिहिले तर फडावर ते खपत नाही. मुसलमान गृहस्थासाठी ‘पैगंबरवासी’, ख्रिस्ती गृहस्थासाठी ‘ख्रिस्तवासी’ अशी जोडीची उपपदे मराठीने घडवली, ती सद्भावनेनेच. बौद्ध समाजात ‘कालकथित’ रूढ झाले, आणि बाबासाहेब आंबेडकरांच्या बाबतीत ‘महापरिनिर्वाण’ हा एकच शब्द योग्य मानला जातो. म्हणजे विद्वान कोठे गेला हे त्याच्या ग्रंथांवरून ठरत नाही; ते तो कोणत्या घरात जन्मला किंवा त्याने कोणता धर्म स्वीकारला यावरून ठरते. सातबाऱ्यावर मात्र सगळ्यांनाच ‘मयत’ लिहितात.

अडचण होते ती या वाटणीत न बसणाऱ्यांची, आणि विद्वानांत असे लोक सरासरीपेक्षा जास्त निघतात. उघडपणे अज्ञेयवादी भूमिका घेणाऱ्या आगरकरांना जुन्या छापील मजकुरात सरसकट ‘कै. आगरकर’ म्हटलेले आढळते. भांडारकर प्रार्थनासमाजाचे, निराकार ईश्वराची उपासना करणाऱ्याला कैलास पर्वतावर नेऊन बसवणे त्यांना कितपत रुचले असते? पाली आणि बौद्ध धर्म यांचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी १९४७ मध्ये सेवाग्रामला अन्नत्याग करून गेले. त्यांच्या नावाआधी ‘कै.’ लावणे म्हणजे त्यांचे आयुष्यभराचे काम न वाचल्याची कबुली होय. त्यांचे पुत्र दामोदर धर्मानंद कोसंबी मार्क्सवादी. त्यांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास, २००८ पासून, गोव्यात त्यांच्या नावाने विचारमहोत्सव सुरू झाला, आणि त्या नावात कोणतेही ‘वासी’ नाही, फक्त आद्याक्षरे आहेत. गोव्याने हा प्रश्न न उच्चारताच सोडवला असे म्हणता येईल.

यावर नेहमी सुचवला जाणारा तोडगा म्हणजे ‘दिवंगत’. आमच्या समितीतही तो आला आणि क्षणभर सर्वांना सुटल्यासारखे वाटले. मग संस्कृतच्या एका सहकाऱ्यांनी शांतपणे विग्रह करून दाखवला : ‘दिवं गत’, म्हणजे द्युलोकी गेलेला. ‘स्वर्गीय’ तर उघडच स्वर्गातला. ज्याला तटस्थ म्हणून पुढे केले तोही शब्द वरच जातो. फक्त त्याची पायवाट झिजल्यामुळे दिसत नाही. ‘कालवश’ काहीसा निरुपद्रवी आहे, पण तो बातमीतला शब्द आहे, व्याख्यानमालेच्या नावात बसत नाही. विदुषींच्या बाबतीत आणखी एक गाठ असते. ‘कै. सौ.’ अशा नावाची पारितोषिके अजून दिली जातात, आणि त्या बाईंनी कोणत्या विषयात काय लिहिले हे कळण्याआधी पती हयात असताना त्या गेल्या एवढे कळते.

प्रतिपक्षालाही बाजू आहे आणि ती हलकी नाही. बहुतेक स्मृतिनिधी कुटुंबीयांनी किंवा विद्यार्थ्यांनी दिलेल्या पैशांतून उभे राहतात, आणि दानपत्रात जे नाव लिहिलेले असते ते निधीचे अधिकृत नाव होते. आमच्या प्रकरणात दानपत्र प्राध्यापकांच्या पत्नीने केले होते, त्यावर ‘कै.’ होते, आणि पंचवीस हजारांच्या ठेवीचे व्याज आता वक्त्याच्या प्रवासखर्चालाही पुरत नसल्याने दरवर्षी त्यांच्या कन्याच वरची रक्कम घालतात. त्यांना हे अक्षर काढणे म्हणजे आईचा शब्द खोडणे वाटत होते. मी ते काढण्याच्या बाजूचा होतो आणि अजूनही आहे. तरीही समितीतील एकाने कन्येला पत्र लिहिताना ‘वैज्ञानिक दृष्टिकोन’ हे शब्द वापरले, ते टाळायला हवे होते.

या वादात एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. ‘कै.’ कायमचे नसते. पाणिनीला कोणी ‘कै.’ म्हणत नाही, ज्ञानेश्वरांना म्हणत नाही, आणि आता राजवाड्यांनाही क्वचितच म्हणतात. विद्वान गेल्यावर काही दशके ते नावाला चिकटून राहते आणि मग गळते. ज्यांचे वाचले जाते त्यांचे लवकर गळते. तळटीपेत तर ते पहिल्या दिवसापासून नसते. तेथे मेलेला आणि जिवंत शेजारी शेजारी बसतात, आणि ‘राजवाडे म्हणतात’ असे वर्तमानकाळात लिहिताना कोणाचा हात अडखळत नाही. पुण्यतिथीचेही असेच आहे : शब्दात तिथी आहे, पण पाळली जाते ती इंग्रजी तारीख.

अलीकडच्या वर्षांत या व्यवहाराचा वेग बदलला आहे. प्राध्यापक गेल्याची बातमी समूहांवर येते आणि तासाभरात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चे पन्नास संदेश पडतात, त्यांत त्यांच्या एकाही ग्रंथाचे नाव नसते. २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा व्याख्याने पडद्यावर गेली. परगावचे विद्यार्थी प्रथमच ऐकू लागले हा त्यातला खरा फायदा. ध्वनिमुद्रणे राहिली, पण छापील पुस्तिका काढण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी तेव्हा जी थांबली ती पुन्हा सुरू झाली नाही. घरातल्या ग्रंथसंग्रहाची स्थिती त्याहून बिकट आहे. ग्रंथालये जागेअभावी देणगी नाकारतात, फ्लॅट रिकामा करायचा असतो, आणि समासात पेन्सिलने टिपणे केलेली पुस्तके किलोवर जातात. मला स्वतःला फूटपाथवर एका व्याकरणकारांची स्वाक्षरी असलेली प्रत मिळाली, तिच्या मलपृष्ठावर त्यांनी ग्रंथकाराच्या चुकांची पृष्ठांकासह यादी केली होती.

याउलट पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संस्कृत कोशाचे काम पाहावे. १९४८ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्दांच्या नोंदींच्या कोटीभर स्लिपा काढल्या गेल्या आणि पहिला भाग १९७६ मध्ये आला. स्लिपा लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक आज हयात नाहीत. शब्द शोधताना त्यांचे अक्षर रोज कोणाच्या तरी हाताखाली येते, आणि जुन्या माणसांना त्या अक्षरावरून लिहिणारा ओळखता येत असे.

आमच्या विभागाने शेवटी मधला मार्ग काढला. पत्रिकेच्या मथळ्यात ‘प्रा.’ आणि नाव. खाली बारीक टायपात निधीचे नाव दानपत्राप्रमाणे, ‘कै.’सह. निर्णय होण्यास कारण घडले ते असे की, कोणीतरी त्या प्राध्यापकांचा पहिला ग्रंथ ग्रंथालयातून आणला. आयुष्यभर देवळाची पायरी न चढलेल्या या गृहस्थांनी अर्पणपत्रिकेत आपल्या गुरूंच्या नावाआधी स्वतःच ‘कै.’ लिहिले होते. त्यावर दोन्ही बाजू हसल्या आणि मसुदा छपाईला गेला. व्याख्यान बोलीभाषांवर झाले, चांगले झाले. प्राध्यापकांनी बोलींतील शब्दांच्या केलेल्या नोंदींच्या अकरा पेट्या त्याच इमारतीत जिन्याखालच्या कपाटात आहेत. कपाटाची किल्ली कोणाकडे आहे याची चौकशी पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेतली आहे.