लाळ

तोंडातील लालाग्रंथींमधून पाझरणारा, जवळजवळ ९९ टक्के पाणी असलेला स्राव. निरोगी प्रौढ माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि ती न कळत गिळली जाते. शाळेत लाळेची ओळख पाचक रस म्हणून होते. दंतवैद्यकात मात्र तिचे पचनाचे काम दुय्यम आहे. तिथे ती दातांची राखण करते, आणि ही राखण मुख्यतः ती किती वेगाने वाहते यावर ठरते.

मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आहेत. कानापुढची अनुकर्ण ग्रंथी (गालगुंडात सुजते ती हीच) पातळ, अमायलेजयुक्त (अमायलेज म्हणजे स्टार्च फोडणारे विकर, एन्झाइम) लाळ देते. जिभेखालच्या ग्रंथीची लाळ चिकट असते. जबड्याखालची अधोहनू ग्रंथी मिश्र स्वरूपाची. शिवाय ओठ, गाल, टाळू यांत शेकडो सूक्ष्म ग्रंथी विखुरलेल्या असतात. स्वस्थ बसलेले असताना लाळ मिनिटाला सुमारे ०.३ ते ०.४ मिली. वाहते आणि तिचा मोठा वाटा अधोहनू ग्रंथीचा असतो. चावायला लागले की अनुकर्ण ग्रंथी पुढे सरसावते. झोपेत हा प्रवाह जवळपास थांबतो, म्हणून रात्री दात न घासता झोपणे सर्वांत महागात पडते.

लाळ दोन टप्प्यांत बनते. अ‍ॅसिटिलकोलिन या चेतांमधून (मज्जातंतूंमधून) सुटणाऱ्या रसायनाच्या इशाऱ्याने ग्रंथीच्या टोकाच्या पेशींत कॅल्शियम वाढते, क्लोराइड नळीच्या पोकळीत सुटते, त्यामागे सोडियम आणि पाणी येते. हा पहिला स्राव क्षारांच्या बाबतीत रक्तद्रवासारखाच असतो. पुढे नलिकांच्या पेशी सोडियम व क्लोराइड परत ओढून घेतात, पोटॅशियम व बायकार्बोनेट सोडतात. पाणी मात्र त्यांतून आरपार जाऊ शकत नाही. त्यामुळे तोंडात येणारी लाळ रक्तापेक्षा बरीच अळणी असते, आणि म्हणूनच आमटीत किंचित कमी पडलेले मीठही जिभेला कळते. प्रवाह वाढला की सोडियम परत ओढायला वेळ पुरत नाही, म्हणून लाळेत ते वाढते, आणि बायकार्बोनेटचे प्रमाणही वाढते. परीक्षेत हमखास विचारला जाणारा आणि हमखास चुकणारा मुद्दा हाच. दुसरी नेहमीची चूक म्हणजे अनुकंपी मज्जासंस्था (ताणाच्या वेळी शरीर सज्ज करणारी) लाळ थांबवते असे लिहिणे. परानुकंपी (विश्रांती व पचन सांभाळणाऱ्या) चेता भरपूर पाणीदार लाळ आणतात, अनुकंपी चेता थोडी पण प्रथिनयुक्त. भीतीने तोंडाला कोरड पडते ती मुख्यतः मेंदूकडून परानुकंपी इशारा दबल्यामुळे.

भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो, कारण अमायलेज स्टार्चचे माल्टोज करते. जठरातील आम्लात हे विकर निकामी होते. लाळेतीलच लायसोझाइम व लॅक्टोफेरिन ही प्रथिने आणि आयजीए प्रतिपिंडे जंतूंना आवर घालतात.

एनॅमलच्या (दातावरच्या कठीण आवरणाच्या) दृष्टीने निर्णायक आकडा सुमारे ५.५ हा सामू, म्हणजे पीएच. साखर खाल्ल्यावर काही मिनिटांतच दातांवरच्या जंतुथरातील सामू याच्या खाली जातो आणि हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट हे एनॅमलचे कॅल्शियम-फॉस्फेटचे खनिज विरघळू लागते. लाळेतील बायकार्बोनेट त्याला अर्ध्या-एक तासात पूर्ववत आणते आणि कॅल्शियम-फॉस्फेट एनॅमलमध्ये पुन्हा बसते. दिवसभर थोडेथोडे गोड तोंडात टाकणाऱ्याला ही उसंत मिळत नाही. लाळेत हे क्षार इतके भरलेले असतात की ते आपोआप साकळायला हवेत. स्टॅथेरिन व प्रोलिनबहुल प्रथिने त्यांना रोखून धरतात. तरी जंतुथरात खनिजे साचतातच. खालच्या पटाशीच्या दातांची आतली बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडची बाजू इथे कीटण (असा कडक झालेला थर) जास्त दिसते, कारण मोठ्या नलिका तिथेच उघडतात.

स्वस्थ प्रवाह मिनिटाला ०.१ मिली.पेक्षा कमी झाला की लाळ अपुरी मानतात. अ‍ॅलर्जीवरच्या आणि नैराश्यावरच्या अनेक औषधांनी, श्योग्रेन आजाराने (यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लालाग्रंथींवर हल्ला करते) असे होते. तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग आपल्याकडे फार आढळतो. त्यावरील किरणोपचारात अनुकर्ण ग्रंथी सापडली तर ती लवकर निकामी होते आणि काही महिन्यांतच दात हिरडीलगत, मानेपाशी, एरवी सहसा किडत नाहीत अशा जागी किडू लागतात. अशा रुग्णांना फ्लोराइड आणि, ग्रंथीचा काही भाग शाबूत असल्यास, पायलोकार्पिन हे लाळ वाढवणारे औषध देतात.