गणपती दूध प्यायला ती बातमी इतकी धावली कशी?

२१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध पितोय ही बातमी दिल्लीकडून निघाली आणि दुपारपर्यंत आमच्या पंचवटीत पोचलीसुद्धा, तेव्हा ना मोबाईल ना व्हॉट्सअ‍ॅप, नुसते एसटीडी बूथ आणि कुणाकुणाकडे लँडलाइन. आजी तांब्या घेऊन रांगेत, मी तिच्या पदराला धरून. शास्त्रज्ञांनी पृष्ठताणाचं (द्रवाचा पृष्ठभाग ताणून धरणारं बल) कारण लगेच सांगितलं, पण ते दुधाचं झालं, बातमीचं काय?

माणसाच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरते आणि पसरते कशी, या प्रश्नाच्या मागे लागलेले लोक बरेच जुने आहेत. १८०० च्या आसपास व्हिएन्नात फ्रान्झ गाल नावाचा डॉक्टर कवटीवरची टेंगळं चाचपून स्वभाव सांगायचा, थोतांडच ते, फक्त मेंदूत कामांची वाटणी असते एवढं त्यातलं टिकलं. १९७६ला जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्सने जीनशी (म्हणजे जनुकाशी) यमक जुळवून ‘मीम’ शब्द काढला, म्हणजे डोक्यातून डोक्यात नक्कल होत जाणारी कल्पना (आता त्याचा अर्थ फोटोवरचा जोक, असो). १९९२ला इटलीत पार्मामध्ये माकडांच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, ज्या माकडाने स्वतः वस्तू उचलताना आणि दुसऱ्याला उचलताना बघूनही चालू होतात, त्यावर मग लोकांनी वाट्टेल ते इमले बांधले.

मला सगळ्यात पटलं ते जुळ्यांवरचं काम. २००५ला अमेरिकेत जॉन अल्फोर्ड आणि मंडळींनी जुळ्यांची राजकीय मतं तपासली, तर हुबेहूब जुळ्यांची (ज्यांची जनुकं एकसारखी) मतं साध्या जुळ्यांपेक्षा जास्त जुळली, म्हणजे कल थोडाफार रक्तातून येतो, पण पक्ष कुठला हे मात्र जास्त करून घरातल्या वाढण्यातून. हुबेहूब जुळ्यांना लोक वागवतातही सारखंच, हा आक्षेप आहेच आणि तो फालतू नाही. तरी दिंडोरीला मामाच्या द्राक्षबागेत हेच दिसतं ना, खाली मुळाचा खुंट डॉगरिज जातीचा, वर कलम थॉमसन द्राक्षाचं, खारं पाणी किती सोसायचं ते खुंट बघतो, घड मात्र कलमाचाच लागतो.

आणि रॉबिन डनबार, ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ. त्याने १९९२ला माकडं-वानरांच्या मेंदूचं बाहेरचं आवरण आणि कळपाचा आकार यांचा मेळ घातला, त्या हिशोबात माणसाला झेपणारी ओळखीची माणसं निघाली साधारण १५०. आकड्यावर वाद आहेत, पण आमच्या गल्लीचा हिशोब बरोबर बसतो. आजीला तेव्हा टीव्हीने काही सांगितलं नव्हतं, शेजारच्या काकूंनी सांगितलं, आणि काकूंना त्यांच्या बहिणीचा पुण्याहून फोन.