गळती आणि काचेचं छत: प्राध्यापिकांच्या वाटेतले दोन वेगळे अडथळे

विज्ञानाच्या विभागात पीएचडी करणाऱ्या मुली भरपूर, पण कायम प्राध्यापकांच्या यादीत बायका मोजक्या. भाषेच्या विभागात प्राध्यापिका भरपूर, पण प्राचार्य पुरुष. कारण विचारलं तर दोन्हीकडे एकच उत्तर मिळतं: ‘घरसंसार, मुलंबाळं, दुसरं काय!’ हे उत्तर पहिल्या ठिकाणी अर्धंमुर्धं खरं आहे. दुसऱ्या ठिकाणी ते बहुतेक वेळा चुकीचं असतं.

पहिल्या प्रकाराला गळती म्हणतात. शिकलेली, पात्र झालेली बाई या क्षेत्रातून बाहेरच पडते. दुसरा प्रकार काचेच्या छताचा. इथे बाई कुठेही जात नाही. वीस-पंचवीस वर्षं शिकवते, पेपर तपासते, नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, तपासणीच्या फायली तयार करते, पण एका पदाच्या वर तिची बढती होत नाही.

एकूण आकडे पाहिले तर दोन्ही गोष्टी झाकल्या जातात. केंद्र सरकारच्या 2021-22 च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात पीएचडीसाठी सुमारे 2.12 लाख नोंदण्या होत्या. त्यांत जवळपास 99 हजार महिला, म्हणजे 46 टक्क्यांच्या आसपास. देशभरातल्या सुमारे 16 लाख शिक्षकांत महिला होत्या 43.4 टक्के. हे वाचून वाटतं की प्रश्न सुटत आलाय. पण या बेरजेत सगळे विषय, सगळी कॉलेजं आणि सगळी पदं एकत्र आहेत. ज्या विभागात महिला निम्म्याहून जास्त आहेत आणि ज्या विभागात एकच आहे, ते दोन्ही इथे एकमेकांना झाकून टाकतात.

गळती ओळखायची तर विभागातल्या जुन्या पीएचडी नोंदणीची वही आणि आजची कर्मचाऱ्यांची यादी शेजारी ठेवून बघा. मधली नावं कुठे गेली? पीएचडी संपते अठ्ठावीस-तिशीत. त्यानंतर पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनासाठी, परगावी किंवा परदेशी जायचं, नाहीतर महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, शिकवत कायम जागेची जाहिरात निघायची वाट बघायची. सीएचबीत तास घेतला तरच पैसे. बाळंतपणात तास बंद, म्हणजे पैसेही बंद. परत यावं तर त्या तासांवर दुसरं कुणी आलेलं असतं. नोकरी सोडल्याची कुठे नोंदही होत नाही, कारण कागदोपत्री ती नोकरी नव्हतीच. यात त्या बाईची इच्छाशक्ती कमी पडली असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

गळतीवर उपाय आहेत, आणि त्यातले काही चांगले आहेत. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांनुसार पीएचडी करणाऱ्या महिलेला पूर्ण कालावधीत 240 दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजा मिळते, प्रबंध पूर्ण करायला दोन वर्षं जादा मिळतात. करिअरमध्ये खंड पडलेल्या वैज्ञानिक महिलांना संशोधनात परतता यावं म्हणून केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची योजनाही आहे.

यातलं काहीही काचेच्या छताला लागू पडत नाही. त्या छताखालची बाई मुळात बाहेर गेलेलीच नाही. तिच्यासाठी पाहायची ती ज्येष्ठता यादी. रुजू होण्याचं वर्ष आणि बढतीचं वर्ष यांतलं अंतर मोजा. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत पीएचडी असलेल्या सहायक प्राध्यापकाला चार, पाच आणि तीन वर्षांच्या तीन टप्प्यांनंतर सहयोगी प्राध्यापक होता येतं आणि पुढच्या तीन वर्षांनी प्राध्यापक. म्हणजे तिसाव्या वर्षी रुजू झालेली व्यक्ती सगळं वेळेत झालं तर पंचेचाळिसाव्या वर्षी प्राध्यापक होते. कुलगुरुपदाच्या पात्रतेसाठी साधारणपणे प्राध्यापक म्हणून दहा वर्षांचा अनुभव लागतो. मग वय झालं पंचावन्न. आता प्रत्येक टप्प्याला फक्त दोन-दोन वर्षं उशीर होऊ द्या: छाननी समिती बसली नाही, शोधनिबंधांचे गुण थोडे कमी पडले. प्राध्यापक व्हायलाच त्रेपन्न उजाडतात आणि जिथे निवृत्तीचं वय साठ-बासष्ट आहे तिथे दहा वर्षं पुरी व्हायच्या आत निवृत्ती येते. कुणीही तिला ‘नाही’ म्हटलेलं नसतं. नियम पाळूनच तिचं नाव यादीतून वगळलं गेलेलं असतं.

हा उशीर बऱ्याचदा कामाच्या वाटपात सुरू होतो. गॅदरिंग, पाहुण्यांचं स्वागत, मुलींच्या वसतिगृहाची देखरेख, विद्यार्थ्यांची समजूत काढणं ही कामं ‘मॅडम, तुम्हीच छान करता’ म्हणत बाईकडे येतात. खरेदी समिती, बांधकाम, परीक्षा विभाग पुरुषांकडे जातात. वरच्या पदाच्या मुलाखतीत विचारलं जातं ते मात्र प्रशासनाच्या अनुभवाबद्दल.

एकाच आयुष्यात दोन्ही अडथळे येऊ शकतात, म्हणूनच गोंधळ होतो. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींना 1933 मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी आधी प्रवेशच नाकारला, मग अटींवर दिला. 1939 मध्ये केंब्रिजची पीएचडी घेऊन त्या परतल्या, कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम केलं आणि 1947 मध्ये लग्नानंतर मुंबईला आल्या. तिथे गळती सहज होऊ शकली असती. ती झाली नाही, कारण मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा निघाली आणि ती त्यांना मिळाली. पुढे त्याच संस्थेचं संचालकपद मिळायला मात्र त्यांना वाट पाहावी लागली. त्या वेळी त्यांना रजेची किंवा परतीच्या योजनेची गरज नव्हती. त्या तर रोज प्रयोगशाळेत हजर होत्या.

म्हणून एखादं विद्यापीठ ‘आम्ही महिलांसाठी पाळणाघर सुरू केलं’ असं सांगतं तेव्हा मला आनंदच होतो, कारण तिशीतल्या संशोधिकेला त्याची फार गरज असते. पण पन्नाशीतल्या सहयोगी प्राध्यापिकेची मुलं तोवर कॉलेजात गेलेली असतात. तिची फाईल कुणाच्या टेबलावर किती महिने पडून आहे, निवड समितीत बायका किती आहेत आणि पुढच्या वर्षी परीक्षा विभाग कुणाकडे जाणार आहे, याची उत्तरं तिला हवी असतात.